लाईट गेली की नॅसचा पत्ता बदलतो: कायमचा बंदोबस्त

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, लाईट जाते आणि वीस मिनिटांनी येते. राउटर सुरू होतो, इंटरनेट चालतं, सगळे मोबाइल जोडले जातात. नॅस, म्हणजे फाइली साठवायला घरच्या नेटवर्कवर लावलेली डिस्कची पेटी, तेवढा सापडत नाही. संगणकावरच्या ‘झेड’ ड्राइव्हवर लाल फुली दिसते, उघडायला गेलं की विंडोज ‘०एक्स८००७००३५’ हा एरर दाखवतं. टीव्हीवरचं फोल्डर रिकामं आणि दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थांबलेलं. नॅसकडे बघावं तर दिवे हिरवे, डिस्कचा आवाजही नेहमीसारखाच. मग कोणीतरी राउटर बंद-चालू करतं. कधी जमतं, कधी नाही, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

डिस्क खराब झालेली नसते आणि डेटाही जागेवर असतो. बदललेला असतो तो नॅसचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर. संगणक, टीव्ही आणि कॅमेरा जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात. लग्नांचे फोटो साठवणारे फोटोग्राफर, घरूनच कामं करणारे कर सल्लागार, दिंडोरी-निफाडकडे बागेचे हिशेब आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकाच डब्यात ठेवणारे बागायतदार, या सगळ्यांना हे एकदा नीट बसवून घेणं गरजेचं आहे. काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. फक्त क्रम चुकवायचा नाही.

एक सूचना आधीच: इथले आकडे देवनागरीत आहेत, पण राउटरच्या किंवा नॅसच्या रकान्यात ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे.

पत्ता नेमका का बदलतो

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर आयपी पत्ता देतो, पण ठरावीक मुदतीपुरता. ही मुदत टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत १२० मिनिटं असते, इतर अनेक राउटरांत २४ तास. अर्धी मुदत उलटली की यंत्र स्वतःच मुदतवाढ मागतं आणि सहसा तोच पत्ता पुढे चालू राहतो. त्यामुळे नॅस सलग चालू असेल तर महिनोन्‌महिने पत्ता हलत नाही, आणि तो पक्काच आहे असा समज होतो.

गोम आहे ती लाईट गेल्यावर. कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी बरेच घरगुती राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते. पंचवटीतल्या एखाद्या धर्मशाळेची खोल्यांची वही अशी मध्येच कोरी झाली, तर आधी येईल त्याला रिकामी दिसेल ती खोली दिली जाईल. इथेही तेच होतं. लाईट आल्यावर राउटर एक-दोन मिनिटांत उभा राहतो. मोबाइल बॅटरीवर चालूच असतात, ते लगेच रांगेत पुढे. नॅसला मात्र डिस्क फिरवून, फाइल सिस्टिम जोडून, सगळ्या सेवा सुरू करायला तीन ते पाच मिनिटं लागतात. पत्ता देण्याआधी तो कोणी वापरतंय का, हे बरेच राउटर हाक मारून बघतात. पण नॅस त्या वेळी उठलेलाच नसतो, उत्तर येत नाही, आणि नंबर दुसऱ्याच्या हाती जातो. नॅस जागा होऊन आपला जुना नंबर मागतो तेव्हा राउटर नकार देतो आणि नवा नंबर देतो.

याच्या उलट प्रकार जास्त वैताग देतो. नॅस आणि लॅन स्विच (घरातल्या नेटवर्क केबल एकत्र जोडणारी पेटी) इन्व्हर्टरवर असतात, राउटर मात्र साध्या प्लगवर. लाईट गेली तरी नॅसची केबल जिवंतच राहते, त्यामुळे काही घडलंय हे त्याला कळतच नाही. तो जुना पत्ता धरून बसतो. राउटर परत येतो तो कोऱ्या यादीसह, आणि हाक मारून न बघणारा राउटर असेल तर तोच नंबर एखाद्या मोबाइलला देऊन टाकतो. आता एका पत्त्यावर दोन यंत्रं. फोल्डर उघडतं, कॉपी सुरू होते, मध्येच तुटते, दोन मिनिटांनी पुन्हा चालते. अशा वेळी लोक केबल बदलतात, डिस्क तपासायला देतात. दोन्हीचा खर्च फुकट जातो.

रात्री नॅस बंद करून ठेवण्याची सवय असेल तर लाईट न जाताही हेच घडू शकतं. १२० मिनिटांची मुदत झोपेतच संपते. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं आणि दहा-पंधरा मोबाइल एकदम जोडले गेले की तो नंबर मोकळा राहील याची खात्री नाही.

आधी निदान

थेट सेटिंग बदलायला जाऊ नका. दोन पत्ते शेजारी-शेजारी कागदावर लिहा: नॅसचा आत्ताचा आणि ज्या संगणकावर अडचण येते त्याचा. संगणकाचा पत्ता विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि पुढे ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीत दिसतो. नॅसचा पत्ता, नॅस सिनॉलॉजी कंपनीचा असेल तर ‘सिनॉलॉजी असिस्टंट’ हा प्रोग्राम शोधून देतो, क्यूनॅप असेल तर ‘क्यूफाइंडर प्रो’. बाकी कुठलाही नॅस असो, राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) जोडलेल्या यंत्रांची यादी असतेच. तिथे नाव ओळखू येत नसेल तर मॅक ॲड्रेसची, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेल्या ओळखक्रमांकाची, पहिली सहा अक्षरं बघा, ती कंपनीची असतात. ००-११-३२ म्हणजे सिनॉलॉजी, २४-५ई-बीई किंवा ००-०८-९बी म्हणजे क्यूनॅप. नव्या यंत्रांवर याच कंपन्यांची दुसरी अक्षरंही असतात, म्हणून शेवटी नॅसच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरशी ताडून बघणं उत्तम.

नॅसचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक तात्पुरता धरला आहे. केबल सैल असेल, मधला स्विच बंद असेल किंवा नॅस राउटरच्या आधी जागा झाला असेल. लॅन केबल काढून दहा सेकंदांनी पुन्हा लावली की बहुतेक वेळा काम होतं. तरीही तोच आकडा आला तर केबल बदलून आणि राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे आहेत, फक्त नॅसचा शेवटचा आकडा कालच्यापेक्षा वेगळा आहे, तर मामला सोपा. खाली सांगितलेलं रिझर्व्हेशन, म्हणजे नॅससाठी नंबर राखून ठेवणं, केलं की संपलं.

पत्ता तोच आहे, तरी कधी उघडतो कधी नाही, असं असेल तर एका नंबरावर दोघं बसलेत का ते तपासा. नॅस नीट शटडाउन करा, त्याची केबल काढा आणि त्याच्याच पत्त्यावर संगणकावरून पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. उत्तर आलं तर चोर सापडला. उत्तर न आल्यास लगेच समाधान मानू नका, कारण काही मोबाइल पिंगला उत्तर देत नाहीत. राउटरच्या यादीत त्या नंबरासमोर कोणाचा मॅक ॲड्रेस आहे तेही बघा. सिनॉलॉजीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी टक्कर ओळखण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

आणि पहिले तीन आकडेच वेगळे असतील, म्हणजे नॅस १९२.१६८.१.७ वर आणि लॅपटॉप १९२.१६८.०.१०४ वर, तर घरात पत्ते वाटणारे दोन आहेत. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून याबद्दल सविस्तर.

पत्ते वाटणारा एकच हवा

फायबरवाला जो डबा बसवून जातो तो नुसता मोडेम नसतो. त्यात राउटरही असतो, वाय-फायही असतं आणि पत्ते वाटण्याची सोयही. इंदिरानगर किंवा सिडकोतल्या रो-हाउसमध्ये खालच्या मजल्यावर हा डबा असतो, वर रेंज मिळत नाही म्हणून घरचे आणखी एक राउटर आणून वर लावतात. खालच्या डब्यातून निघालेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत येण्याच्या जागी) जाते. आता दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झाली. नॅस खालच्या डब्याला लावला, कारण तिथे पोर्ट मोकळं होतं, आणि लॅपटॉप वरच्या वाय-फायवर. वरच्या लॅपटॉपवरून खालचा नॅस पत्ता टाकून उघडता येतो, पण आपोआप यादीत दिसत नाही. उलट मांडणी असेल, नॅस वर आणि मोबाइल खाली, तर मुळीच उघडत नाही. जिना चढताना मोबाइल एका वाय-फायवरून दुसऱ्यावर उडी मारतो, म्हणून एकाच घरात ‘हॉलमध्ये चालतं, बेडरूममध्ये चालत नाही’ असं ऐकू येतं.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. वरच्या राउटरची केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडण्याच्या जागी) लावलेली असते आणि त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, चालूच असते. एकाच तारेवर दोघे वाटप करतात, यंत्राने मागणी केली की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो. अशा घरात रिझर्व्हेशन कितीही वेळा केलं तरी टिकणार नाही, कारण दुसऱ्या वाटणाऱ्याला त्याची खबरच नसते.

उपाय तीन आहेत. फायबरवाल्याला सांगून डबा ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त मोडेम उरतो, आणि कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. तांत्रिकदृष्ट्या हे सगळ्यांत स्वच्छ, पण प्रत्येक कंपनी ते करून देत नाही. दुसरा, डब्याचं वाय-फाय बंद करायचं, डब्यातून एकच केबल आपल्या राउटरच्या वॅनमध्ये आणायची आणि घरातलं झाडून सगळं आपल्या राउटरला जोडायचं. तिसरा, आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवणारा) टाकून वाटपाचं काम डब्याकडेच ठेवायचं.

नॅस असलेल्या घरासाठी आमचा कौल दुसऱ्या उपायाला. डबा कंपनीच्या मालकीचा असतो. बिघडला, प्लॅन बदलला किंवा कंपनीच बदलली की तंत्रज्ञ नवा डबा लावून जातो आणि जुन्यात केलेली सगळी सेटिंग त्याच्यासोबत जातात. आपला राउटर आपल्याकडे राहतो, पलीकडे काहीही बदललं तरी आतले पत्ते हलत नाहीत. इथे आक्षेप असा घेतला जातो की दोन राउटर एकामागे एक आले की ऑनलाइन गेमला त्रास होतो. काही गेमना तो होतो हे खरं, पण घरातल्या घरात नॅस वापरायला काहीही फरक पडत नाही.

वरच्या मजल्यासाठी आणखी एखादं यंत्र लागणारच असेल तर ते ॲक्सेस पॉइंट मोडवरच हवं. जुन्या राउटरमध्ये तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला आपल्या रांगेतला (पहिले तीन आकडे सारखे असलेला) एक मोकळा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही.

नंबरांची आखणी

घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होतात. १९९६ पासून हाच नियम आहे. राउटर कंपन्या त्यातले ठरावीकच वापरतात: टीपी-लिंक आणि डी-लिंक बहुधा १९२.१६८.०.१, एसूसचे बरेच राउटर १९२.१६८.५०.१, शाओमीचे १९२.१६८.३१.१, जिओचा डबा १९२.१६८.२९.१, आणि बाकी कितीतरी डबे १९२.१६८.१.१.

यात एक छुपा खड्डा आहे. डबा आणि आपला राउटर दोघेही १९२.१६८.१ वर असतील तर राउटरच्या आत आणि बाहेर एकच रांग होते, आणि ती चालत नाही. काही राउटर अशा वेळी आपली आतली रांग स्वतःच बदलून टाकतात. त्यामुळे फायबरवाल्याने नुसता डबा बदलला तरी घरातले सगळे पत्ते एका दमात १९२.१६८.१ वरून १९२.१६८.० वर जातात, नॅसमध्ये हाताने टाकलेला पत्ता तेवढा जुन्या रांगेत अडकून राहतो आणि कुठूनच दिसत नाही.

म्हणून आपल्या राउटरचा लॅन पत्ता आधीच कोणी वापरत नाही असा करून टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.७७.१. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. तिसरा आकडा ४२ किंवा ४३ अशा रांगा टाळा, अँड्रॉइड मोबाइलचं टेदरिंग आणि हॉटस्पॉट त्या वापरत आलं आहे. पत्ता बदलला की राउटरचं पान बंद पडेल; संगणकाचं वाय-फाय बंद-चालू करून नव्या पत्त्यावर पुन्हा उघडायचं.

मग डीएचसीपीची वाटपाची रांग १०० ते १९९ अशी आखा. मोबाइल, टीव्ही, पाहुणे सगळे त्यात मावतात. २ ते ९९ आपल्यासाठी मोकळे. राउटरला १, ॲक्सेस पॉइंटला २, नॅसला २०, दुसरा नॅस किंवा नॅसचं दुसरं पोर्ट २१, प्रिंटर ३०, कॅमेरे ४० पासून पुढे. काही राउटर मूळ सेटिंगमध्ये २ पासून २५४ पर्यंत सगळंच वाटपात टाकतात. ती रांग आवळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राउटरमध्ये रिझर्व्हेशन

पत्ता पक्का करण्याच्या जागा दोन: राउटरमध्ये रिझर्व्हेशन करणं किंवा नॅसमध्येच हाताने भरणं. शक्य असेल तिथे राउटरमध्येच करा. रिझर्व्हेशन राउटरच्या कायमच्या मेमरीत लिहिलं जातं, लाईट गेल्यावर पुसलं जात नाही. यादी एकाच ठिकाणी दिसते. आणि नॅस रीसेट करावा लागला तरी तो परत त्याच नंबरावर येतो.

टीपी-लिंकमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘नेटवर्क’, मग ‘डीएचसीपी सर्व्हर’, तिथे खाली ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’. एसूसमध्ये ‘लॅन’ विभागातल्या ‘डीएचसीपी सर्व्हर’च्या पानावर ‘मॅन्युअल असाइनमेंट’ आधी चालू करावं लागतं. नेटगिअरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, ‘सेटअप’, ‘लॅन सेटअप’. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘डीएचसीपी अँड डीएनएस’मधलं ‘स्टॅटिक लीजेस’. इतर राउटरांत डीएचसीपीच्याच पानावर ‘रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक आयपी’ किंवा ‘बाइंडिंग’ अशा नावाने सापडेल. नॅस चालू ठेवून जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून निवडा, म्हणजे बारा अक्षरांचा मॅक ॲड्रेस हाताने टाइप करताना ‘८’ आणि ‘बी’ची गल्लत होत नाही. समोर १९२.१६८.७७.२० टाका, सेव्ह करा, आणि ओळ ‘एनेबल’ झाली आहे ना ते बघा. काही जुन्या पानांवर ती बंद अवस्थेतच सेव्ह होते.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही राउटर रिझर्व्हेशनचा नंबर वाटपाच्या रांगेतलाच मागतात आणि २० टाकला की चूक दाखवतात. तिथे १२० द्या, हरकत नाही. रिझर्व्ह केलेला नंबर राउटर दुसऱ्या कोणाला देत नाही.

नॅसला दोन लॅन पोर्ट असतील तर दोन्ही पोर्टांचे मॅक ॲड्रेस वेगळे असतात. साफसफाईत केबल निघाली आणि दुसऱ्या पोर्टमध्ये लागली की पत्ता बदलतो, आणि रिझर्व्हेशन बिघडलं असं वाटतं. म्हणून दोन्ही पोर्ट रिझर्व्ह करा, २० आणि २१. दोन्ही केबल एकाच वेळी एकाच रांगेत लावून काही फायदा नाही, जोपर्यंत स्विच आणि नॅस दोन्हीकडे त्यांची जोडी बांधलेली नाही.

आता नॅसमध्ये जाऊन सेटिंग ‘आपोआप पत्ता घ्या’ अशी आहे ना ते पक्कं करा. सिनॉलॉजीत ‘कंट्रोल पॅनेल’, ‘नेटवर्क’, ‘नेटवर्क इंटरफेस’. क्यूनॅपमध्ये ‘नेटवर्क अँड व्हर्च्युअल स्विच’. आधी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल तर राउटरमधलं रिझर्व्हेशन नॅस मुळी विचारणारच नाही. मग नॅस एकदा रीस्टार्ट करा आणि नवा पत्ता आला का बघा.

हाताने पत्ता कधी भरायचा

राउटर भाड्याच्या घराच्या मालकाचा आहे, किंवा डब्याचं पान कुलूपबंद आहे आणि रिझर्व्हेशन दिसतच नाही, तेव्हाच. नंबर वाटपाच्या रांगेबाहेरचा निवडा. रांग आवळता येत नसेल तर तिच्या टोकाजवळचा घ्या, जिथपर्यंत वाटप सहसा पोहोचत नाही; धोका उरतोच, फक्त कमी होतो.

रकाने चार आहेत आणि चारही भरावे लागतात. पत्ता, मास्क, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. शेवटचे दोन रिकामे ठेवले तरी फोल्डर घरात उघडतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पण नॅसला बाहेरचं जग दिसत नाही. अपडेट येत नाहीत, क्लाउडवरचा बॅकअप थांबतो, डिस्क खराब होत असल्याचा ईमेल येत नाही, घड्याळ हळूहळू मागे-पुढे सरकतं. हे सगळं महिन्यांनी लक्षात येतं, तेही बॅकअपची गरज पडल्यावर. डीएनएसमध्ये पहिला राउटरचा पत्ता आणि दुसरा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ठेवा.

चुकीचा पत्ता भरला आणि नॅस हरवला, तर घाबरू नका. सिनॉलॉजीच्या मागचं रीसेटचं बटण साधारण चार सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबून सोडलं की नेटवर्क पुन्हा आपोआपवर जातं आणि ॲडमिनचा पासवर्ड रीसेट होतो. डेटाला धक्का लागत नाही. क्यूनॅपमध्ये हेच काम तीन सेकंदांत होतं. बीप आली की बोट उचला. क्यूनॅपवर बटण दहा सेकंद दाबून धरलं तर सेटिंगही मूळ पदावर जातात, आणि सिनॉलॉजीवर तेच लगेच पुन्हा दाबलं तर सिस्टिम नव्याने बसवायची वेळ येते.

जुन्या खुणा पुसणे

पत्ता पक्का झाला तरी घरातली यंत्रं जुनाच पत्ता धरून असतात. विंडोजवर जुना मॅप केलेला ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, ‘कंट्रोल पॅनेल’मधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली जुन्या पत्त्याची नोंद काढा, आणि मग नव्या पत्त्याने ड्राइव्ह पुन्हा मॅप करा. विंडोजला नॅसचं नाव आणि नॅसचा पत्ता ही दोन वेगळी यंत्रं वाटतात, दोन्ही प्रकारे जोडणी केली की पासवर्ड वारंवार विचारला जातो. एकच धरा. घरात आम्ही पत्ताच सुचवू, कारण नावाने शोधण्याची सोय विंडोजच्या आवृत्तीगणिक बदलत आली आहे.

टीव्हीतला मीडिया प्लेअर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, प्रिंटरचं ‘स्कॅन टू फोल्डर’, मोबाइलवरचा फोटो बॅकअप आणि दुसऱ्या नॅसवर जाणारा बॅकअप, हे सगळे पत्ता स्वतःजवळ लिहून ठेवतात. प्रिंटर हमखास राहून जातो.

मोबाइलवर फक्त उघडत नसेल तर तो पाहुण्यांच्या वाय-फायवर आहे का बघा. गेस्ट नेटवर्क मुद्दामच आतल्या यंत्रांपासून तोडलेलं असतं.

सगळं झालं की राउटरचा पत्ता, नॅसचा पत्ता, दोन्ही मॅक ॲड्रेस आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून नॅसच्या बाजूला चिकटवा आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो घ्या. हा फोटो फक्त नॅसवरच ठेवला तर गरजेच्या वेळी तो उघडणार नाही.

लाईटची रंगीत तालीम

पावसाळ्याची वाट बघू नका. नॅसवर कोणतीही कॉपी चालू नाही याची खात्री करा, नॅस नीट शटडाउन करा, मग राउटर आणि डबा दोन्ही बंद करा. दोन मिनिटांनी राउटर चालू करा, घरातले सगळे मोबाइल जोडू द्या, आणि सगळ्यात शेवटी नॅस. तो ७७.२० वरच आला, तर रिझर्व्हेशन खरंच लागलं आहे.

त्यासोबत विजेचंही बघा. डबा, राउटर, स्विच आणि नॅस ही साखळी एकाच बॅकअपवर हवी, अर्धी आत आणि अर्धी बाहेर ठेवण्यात काही अर्थ नाही. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल मोड’ असं बटण असतं. इको मोडमध्ये लाईट जाताना होणारा क्षणाचा खंड राउटर रीस्टार्ट व्हायला पुरेसा ठरतो, म्हणून यूपीएस मोड ठेवा. डबा आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, पण घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. नॅससाठी मात्र यूएसबी केबलने त्याला खबर देणारा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होतो. वारंवार धाडकन बंद होणं फाइल सिस्टिमला पत्त्याच्या घोळापेक्षा कितीतरी महागात पडतं.

बाहेरून उघडायचं असेल तर

आतला पत्ता पक्का करणं आणि कंपनीकडून पैसे भरून ‘स्टॅटिक आयपी’ घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या तक्रारीसाठी दुसऱ्याचा काहीच उपयोग नाही. आपल्या राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवलं आहे, तिथे राउटरवर पोर्ट उघडूनही (म्हणजे बाहेरून आत यायची वाट मोकळी करूनही) काही पोहोचत नाही. खालच्या डब्याच्या मागे आपला राउटर असेल तर हा पत्ता डब्याच्या पानावर बघावा लागेल.

आणि पोहोचत असलं तरी पोर्ट उघडू नका, हे कळकळीने सांगणं आहे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामनी इंटरनेटवर उघडे असलेले घरगुती क्यूनॅप गाठून फाइली कुलूपबंद केल्या होत्या. राउटरमधलं ‘यूपीएनपी’ (यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ४४५, ५०००, ५००१, ८०८० अशा जुन्या ओळी असतील तर काढा. बाहेरून वापरायचं असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारख्या व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीने, घरात शिरा. आतली रांग ७७ सारखी वेगळी ठेवल्याचा फायदा इथेही होतो, कारण हॉटेलचं किंवा ऑफिसचं वाय-फाय १९२.१६८.१ वर असलं तरी टक्कर होत नाही.

पत्ता पक्का, तरी विंडोज उघडत नाही

पिंगला नॅस उत्तर देतो, ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं, फक्त फोल्डर उघडत नाही, तर दोष पत्त्याचा नाही. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रो आवृत्तीत एसएमबी (विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवरची फोल्डर उघडतं ती) जोडणीवर डिजिटल सही बंधनकारक झाली आणि पासवर्डाशिवायचा गेस्ट प्रवेशही चालत नाही. नॅसवर स्वतःच्या नावाचं खातं करा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्या, आणि नॅसच्या एसएमबी सेटिंगमध्ये किमान आवृत्ती एसएमबी२ आणि कमाल एसएमबी३ ठेवा. फक्त एसएमबी१ समजणारे फार जुने नॅस २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजवर मुळातच चालत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी१ परत चालू करण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. अशा नॅसमधला डेटा ब्राउझरच्या पानावरून किंवा एफटीपीने बाहेर काढा आणि तो निवृत्त करा.